चावी: आपला ‘च’ पाचशे वर्षांपूर्वीचा

चावीला दात असतात, म्हणून तो शब्द ‘चावणे’वरून आला असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण उच्चार करून बघा. चावीतला च चहातला आहे, चावण्यातला नाही. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘क्लाविस’मध्ये आहे.

क्लाविसची लेकरं युरोपभर आहेत. फ्रेंचांनी सुरुवातीचा ‘क्ल’ जपला: क्ले. (लिहिताना कधीकधी शेवटी फ लिहितात, तो उच्चारत नाहीत.) इटालियनात क्यावे, रुमानियनात केये, स्पॅनिशमध्ये यावे. हे बदल मनमानी नाहीत. लॅटिन ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्योत. तिचं फ्रेंचमध्ये फ्लाम, इटालियनात फ्यामा, स्पॅनिशमध्ये यामा झालं, अगदी त्याच चालीने.

पोर्तुगीजांकडे मात्र या जोडाक्षराचा ‘च’ झाला. आज लिस्बनमध्ये किल्लीला ‘शाव’ म्हणतात, ज्योतीला ‘शामा’. पण 1510 मध्ये ते गोव्यात आले तेव्हा तो उच्चार ‘च’च होता, ‘श’ नंतर रुळला. पोर्तुगालच्या उत्तरेकडे काही भागांत जुना च अजून ऐकू येतो. आणि आपल्या तोंडी! लिस्बनने सोडलेला उच्चार मराठी-कोकणीने सांभाळला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अर्थही बघण्यासारखे आहेत. स्पॅनिश ‘यावे’ म्हणजे किल्ली, पाना आणि पाण्याचा कॉकसुद्धा. आपल्याकडे नळाला चावी असते आणि पाणी सोडायला चावीवाला येतो, तसंच. स्पॅनिशने लॅटिनमधून हाच शब्द पुन्हा एकदा उचलला, तो ‘क्लावे’: सांकेतिक लिपी, पासवर्ड, पाश्चात्त्य स्वरलिपीत ओळीच्या सुरुवातीला येणारं चिन्ह. म्हणजे एकाच आईची दोन मुलं, एक घरात वाढलेलं, एक शाळेतून आलेलं. आपल्या ‘काम’ आणि ‘कर्म’सारखी. पोपच्या निवडीच्या ‘कॉन्क्लेव्ह’मध्येही हीच किल्ली आहे: किल्लीने बंद करता येणारी खोली.

आता ‘किल्ली’. तिचा क्लाविसशी संबंध जोडू नये. ती ‘कील’, म्हणजे खुंटी किंवा खिळा, या संस्कृत शब्दाच्या घरची. गंमत अशी की लॅटिनमध्येही खिळ्याला ‘क्लावुस’ म्हणतात, क्लाविसचाच सख्खा भाऊ. खुंटी सरकवून दार लावायचं, ही कल्पना दोन्हीकडे स्वतंत्रपणे शब्दात उतरली.

तेव्हा ‘शुद्ध मराठी’ म्हणून चावी खोडून किल्ली लिहिण्याची गरज मला वाटत नाही. तुमच्या भागात घड्याळाला काय देतात, किल्ली की चावी?