स्वस्तातली घेऊन सुधारावी, की थांबून मूळचीच घ्यावी? (निमित्त : लेस पॉल)

डाखवाला :

माझ्या एका मित्राला लेस पॉल (गिब्सन कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार) हवी आहे. मूळ गिब्सनची झेपत नाही, त्याच कंपनीच्या स्वस्तातल्या एपिफोन ब्रँडची झेपते. एकाने त्याला सल्ला दिला, “एपिफोन घे, पिकअप बदल, पॉट बदल, खुंट्या बदल, झाली गिब्सन.” (पिकअप म्हणजे तारेचा कंप टिपणारं चुंबक आणि गुंडाळी, पॉट म्हणजे आवाज आणि टोन कमीजास्त करणाऱ्या नॉबखालचा भाग.) दुसरा म्हणाला, “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला करू नकोस. दोन वर्षं कळ काढ.” बिचारा दोघांचं ऐकून अजून काहीच न घेता बसलाय.

माझं मत : घ्यावी आणि सुधारावी. फक्त लोक ज्या क्रमाने सुधारतात तो उलटा आहे. जो तो आधी पिकअपकडे धावतो. अरे, पण स्वस्त गिटारमध्ये काटछाट कुठे होते ते तर बघा. बॉडी कापायचं काम आता दोन्हीकडे यंत्रच करतं. काटछाट होते ती शेवटच्या हातकामात, म्हणजे फ्रेटची (गिटारच्या मानेवरच्या, म्हणजे नेकवरच्या, आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं घासणं, फ्रेट एका पातळीत आणणं, नटच्या (डोक्यापाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापणं यात. हे माणसाच्या वेळेचं काम, आणि वेळ महाग.

माझाच किस्सा सांगतो. (ब्रँड सांगत नाही, नाहीतर गाडी तिथेच रुतेल.) तिसरी तार लावायला घेतली की खुंटी पिळतोय, पिळतोय, सूर जागचा हलत नाही. आणखी जरा पिळली की नटपाशी ‘टिंग’ असा बारीक आवाज, आणि सूर एकदम पाव टोन वर. मी खुंट्यांना शिव्या घातल्या, नव्या लॉकिंग (तार घट्ट पकडणाऱ्या) खुंट्या आणून बसवल्या. टिंग कायम! दोष खाचेचा होता. मी १०-४६ चा (सर्वांत बारीक तार ०.०१०, सर्वांत जाड ०.०४६ इंच) संच लावत होतो, त्यात तिसरी तार ०.०१७ इंचाची, खाच त्याहून अरुंद, तार चिमटीत धरल्यासारखी अडकायची. लेस पॉलच्या डोक्यावर तीन-तीन खुंट्या असतात, त्यामुळे मधल्या दोन तारा नटमधून बाहेर पडताच बाजूला वळतात. अडकतात त्याच जास्त. नटची कानस डोक्याकडे किंचित उतरती धरून तीन-चार हात मारले आणि विषय संपला. काढलेल्या खुंट्या ठणठणीत होत्या, अजून खणात पडून आहेत.

तेव्हा माझा क्रम असा : आधी सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं), नट आणि फ्रेट, मग पॉट-स्विच-जॅक, आणि एवढं होऊनही मन भरलं नाही तर पिकअप. बोला.

खर्ज :

असहमत, आणि सविस्तर असहमत.

एकदा कागद घेऊन बेरीज करा. दोन पिकअप, चार पॉट, स्विच, जॅक, हाडाचा नट, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), फ्रेटचं काम. यातलं निम्मं जरी चांगल्या प्रतीचं घेतलंत तरी गिटारच्या किमतीएवढा खर्च वर होतो. आणि विकायला काढली की गिऱ्हाईक डोक्यावरचं नाव वाचून भाव करतं, आतले पॉट उघडून बघत नाही. वापरलेली मूळ गिब्सन घेतली असती तर वाजवून झाल्यावर बरेचसे पैसे परत आले असते.

दुसरं म्हणजे काही गोष्टी बदलताच येत नाहीत. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत वरचं सुंदर फ्लेम मेपल म्हणजे कागदासारखा पातळ व्हिनियर असतो, त्याखाली साधं मेपल. नेक आणि बॉडीचे तुकडे जास्त. वर पॉलीचा (प्लास्टिकसारख्या वार्निशचा) थर. नेक डिंकाने चिकटवलेला, म्हणजे फेंडर कंपनीच्या गिटारसारखा चार स्क्रू काढून बदलायचीही सोय नाही. तुम्ही सुधारता ते सगळं स्क्रूने निघणारं. गिटार त्याखाली असते हो!

सहावी_तार :

@खर्ज, नावाचा एवढा बाऊ कशाला? स्क्वायर म्हणजे फेंडरची धाकटी पाती. पण १९८२ साली जपानमध्ये बनलेल्या पहिल्या जेव्ही मालिकेच्या स्क्वायर आज संग्राहक शोधत फिरतात. तेव्हा त्याही ‘परवडत नाही म्हणून’ घ्यायच्या गिटारच होत्या.

आणि एपिफोनचं म्हणाल तर बीटल्समधल्या तिघांकडे एपिफोन कसिनो होत्या. लेननने तर १९६८ मध्ये आपल्या कसिनोचा रंग खरवडून लाकूड उघडं केलं. तीही सुधारणाच की.

खर्ज :

@सहावी_तार, हा दाखला इथे लागू नाही. १९५७ मध्ये गिब्सनने एपिफोन विकत घेतली, आणि त्यानंतर साठच्या दशकातल्या एपिफोन अमेरिकेतल्या कलामझूच्या गिब्सनच्याच कारखान्यात बनायच्या. लेननची कसिनो ही कुणाची स्वस्त आवृत्ती नव्हती, ती गिब्सनच्या ३३० मॉडेलची सख्खी बहीण होती. एपिफोन हा स्वस्तातला पर्याय झाला तो सत्तरच्या दशकात, उत्पादन जपानला हलवल्यावर. जेव्ही स्क्वायरचा मुद्दा मात्र मान्य.

आता कुणीतरी गिटारवादक एडी व्हॅन हेलनची स्वतः जुळवलेली फ्रँकनस्ट्रॅट आणेलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. त्याला फेंडरच्या स्ट्रॅटची बॉडी आणि गिब्सनच्या हंबकरचा (दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचा) आवाज एकाच गिटारमध्ये हवा होता, म्हणून त्याने ती जुळवली. महागड्या गिटारची स्वस्त नक्कल करायला नाही बसला तो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सहावी_तार :

अहो, आणणारच होतो. :)

अर्धाटोन :

तुम्ही दोघं भांडताय, पण दोघांनाही काहीतरी विकतच घ्यायचंय. माझा तिसरा पक्ष : काहीच घेऊ नका.

किती जणांनी पिकअप बदलायच्या आधी त्यांची उंची बदलून पाहिली आहे? शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांमधलं अंतर मोजा. गिब्सनच्या गिटारींना ब्रिजकडे साधारण १.६ मिमी आणि नेककडे २.४ मिमी ठेवतात. माझ्याकडे ‘नेक पिकअप चिखल आहे, बदलायचाय’ म्हणून आलेल्या गिटारचा पिकअप तारेला जवळजवळ टेकला होता. स्क्रू चार-पाच फेरे खाली घेतला, चिखल गेला. गिटारवाला जरा नाराजच झाला, कारण त्याने नवा पिकअप निवडूनही ठेवला होता.

ॲम्पच्या स्पीकरने जेवढा आवाज बदलतो तेवढा टोनच्या पॉटला जोडलेला कपॅसिटर बदलून सात जन्मांत बदलत नाही. पण स्पीकर बदलल्याचा फोटो टाकून कुणी वाहवा करत नाही ना.

डाखवाला :

@अर्धाटोन, पिकअपच्या उंचीबद्दल शंभर टक्के सहमत. पण ‘काहीच नको’ हे जरा जास्तच झालं. पॉटचं उदाहरण घ्या. हंबकरला साधारणपणे ५०० किलोओहमचे पॉट, सिंगल कॉइलला (एका गुंडाळीच्या पिकअपला) २५०. हंबकरला कमी ओहमचा पॉट लागला की वरचे सूर दबतात, गोधडी पांघरून गायल्यासारखं होतं. आणि पॉटवर ५०० लिहिलंय म्हणून आत ५०० असतातच असं नाही. वीस टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४०० भरला तरी तो कागदोपत्री पास. मल्टिमीटरने मोजून ५००च्या वर भरणारे लावले तर फरक कानाला कळतो.

@खर्ज, विकण्याचा हिशोब बरोबर आहे, पण तो विकणाऱ्याचा. मी गिटार वाजवायला घेतो. आणि काढलेले भाग पिशवीत घालून ठेवायचे, विकताना परत लावायचे, नवे भाग पुढच्या गिटारला. माझा एक पिकअप सध्या तिसऱ्या घरी नांदतोय.

नवखा :

मी या भानगडीत अर्धा बुडालो आहे, म्हणून विचारतो. ब्रिजचा पिकअप बदलला, नेकचा कारखान्यातलाच ठेवला. दोन्ही वेगवेगळे लावले तर आवाज झकास. स्विच मधे केला (दोन्ही एकदम चालू) की आवाज एकदम पातळ, नाकात बोलल्यासारखा, खर्ज गायब (आयडी नव्हे). डाख चुकला का? दोनदा काढून परत दिला.

आणि आधीचा घोळही सांगून टाकतो. नवे पॉट भोकात जाईनात. जुन्यांचा गळा बारीक होता, नव्यांना ९.५ मिमीचं भोक हवं. ड्रिल लावलं आणि कडेचा रंग टवका होऊन उडाला. मग जुने नॉबही नव्या दांड्यांवर बसेनात.

डाखवाला :

डाख बरोबर आहे, पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये आहेत. दोन वेगळ्या कारखान्यांचे पिकअप एकत्र आले की हे होऊ शकतं. एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, म्हणून खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

नव्या पिकअपला चार रंगीत तारा आणि एक उघडी असेल तर सोपं आहे : गरम (आवाजाचा संकेत नेणाऱ्या) आणि ग्राउंडच्या तारांची अदलाबदल करा, उघडी तार मात्र ग्राउंडलाच राहू द्या. एकच विणलेली तार असेल तर अदलाबदल करू नका, कारण बाहेरची जाळी पिकअपच्या धातूच्या तळाला जोडलेली असते. ती गरम बाजूला जोडली गेली की हात लावताच गुणगुण सुरू. अशा वेळी आतलं चुंबक काढून पालथं घालतात. तुमच्याकडे कोणती आहे?

भोकासाठी पुढच्या वेळी ड्रिल नको, हाताने फिरवायचा रीमर (भोक हळूहळू रुंदावणारं हत्यार) घ्या, वर मास्किंग टेप चिकटवा आणि घाई करू नका. नॉबचं म्हणाल तर त्या दांड्यांवरचे दातेच वेगळे असतात, कुणाला १८, कुणाला २४. नव्या मापाचेच नॉब घ्यावे लागतील.

खर्ज :

बघा! पिकअप घेतला म्हणून पॉट, पॉट घेतले म्हणून रीमर, रीमर आणला तर नॉब. उंटाचा नुसता पाय आत आला होता, आता तंबू उंटाचा.

सहावी_तार :

पण आता त्याला फेज म्हणजे काय ते जन्मात कोणी विसरायला लावू शकणार नाही. मूळची गिब्सन घेतली असती तर तिचं झाकण उघडायची हिंमत झाली असती का?

खर्ज :

उघडायची गरजच पडली नसती, हाच तर माझा मुद्दा आहे. बरं, शिकण्यासाठी करता तर खुशाल करा, त्याला माझा विरोध नाही. ‘झाली गिब्सन’ म्हणता तिथे माझी सटकते. काही महाभाग डोक्यावर मूळ नावाचं स्टिकरही चिकटवतात. घरात शोभा म्हणून लावलेलं ते स्टिकर तिसऱ्या हातात गेलं की सरळ फसवणूक होते.

डाखवाला :

स्टिकरवर पूर्ण सहमत. तेवढं पाप करू नये.

अर्धाटोन :

मूळ मित्राचं काय झालं? दुकानात नेताय की नाही त्याला? नेलंत तर एकाच मॉडेलच्या तीन-चार हातात घ्यायला सांगा. स्वस्त गिटारींत नगानगात फरक असतो. डोळ्यापाशी धरून नेकवरून सरळ बघायचं, पीळ दिसला तर खाली ठेवायची. मग नेकच्या कडेवरून बोट फिरवायचं. फ्रेटची टोकं टोचली तर ते घासून जाईल, नेकचा पीळ घासून जाणार नाही. सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर वाजवायच्या, आणि हे सगळं ॲम्पला न जोडता.

डाखवाला :

शनिवारी नेतोय. तिसरी तार लावताना कानही नटपाशी ठेवायला सांगितलंय.

नवखा :

चार रंगीत तारा निघाल्या. अदलाबदल केली, मधला आवाज भरला! तिसरी तारही तुमच्यासारखी टिंग करत होती. कानस नव्हती, म्हणून तात्पुरती खाचेत पेन्सिल घासली, बरीच थांबली. आता उडालेला टवका झाकेल असा मोठ्या घेराचा नॉब कुणाच्या पाहण्यात आहे का?

खर्ज :

घ्या. अजून एक नॉब.