दोन सेलचा टॉर्च घ्यावा का? रचना आणि बटणांबद्दल अनुभव सांगा (बजेट ३०००)

मु_पो_धायरी
नमस्कार मंडळी. बुधवार पेठेतल्या एका दुकानात एक टॉर्च हातात घेऊन पाहिला. १८६५० मापाचे (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, पुन्हा चार्ज होणारे) दोन सेल शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे अंग गोल नाही, चपटं आहे. मागे शेपटाला दोन बटणं. एक चालू-बंद, दुसरं प्रकाश कमी-जास्त करायला. सेल आणि टाइप-सी केबल धरून २८०० सांगतोय.

वापर दोन प्रकारचा. एक म्हणजे कात्रज-सिंहगड आणि पावसाळ्यात जमतील ते किल्ले. दुसरं म्हणजे भोरकडे आमचं शेत आहे. रात्रीची लाइट असते त्या आठवड्यात वडील मोटर चालू करायला बांधावरून जातात. वय सत्तरीच्या पुढे, बोटं आखडलेली. म्हणजे बटण दोघांनाही जमलं पाहिजे.

प्रश्न असे: शेजारी शेजारी सेलवाली रचना टिकते का? दोन बटणांचा अंधारात घोळ होतो का? ओल्या हाताने दाबता येतात का? बजेट ३०००, त्याच्या वर खरंच नको.

घाटवाट
बजेट थोडं वाढवा आणि फेनिक्स कंपनीचा घ्या. ८-९ हजारात उत्तम येतो. माझा हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने वर गेलाय, खडकावर आपटलाय, एक ओरखडा सोडला तर काही नाही. टॉर्च आयुष्यात एकदाच घ्यायचा असतो.

पेठकर
३००० चे ९००० म्हणजे ‘थोडं’ वाढवा? आमच्या पेठेत याला तिप्पट म्हणतात.

घाटवाट
पेठेत ९००० ची वस्तू घेतच नाहीत, त्यामुळे हिशेब माहीत नसणार.

भटकी_भिंगरी
दादा, ट्रेकला हातातला टॉर्च नकोच. हेडलॅम्प घ्या. सिंहगडाच्या आधीच्या टेकड्यांवर घसारा आहे, उतरताना दोन्ही हात लागतात. हातात टॉर्च असला की माणूस एका हाताने गवत धरतो आणि दुसऱ्या हाताने आकाश उजळतो. आमच्या ग्रुपमध्ये आता हेडलॅम्प नसेल तर घेतच नाही.

आणि हो, कोणताही घ्या, पण बंद करून परत चालू केल्यावर तो कुठल्या प्रकाशावर चालू होतो ते बघा. मागच्या पौर्णिमेला एकाचा टॉर्च दर वेळी फुल्लवरच पेटायचा. तो मागे वळून “सगळे आलात का?” विचारायचा आणि रांगेतले सगळे आंधळे. डोळ्यांना अंधाराची सवय परत व्हायला वीसेक मिनिटं तरी जातात.

तिरकस
पौर्णिमेला टॉर्च कशाला लागतो?

भटकी_भिंगरी
झाडीत शिरल्यावर कळेल.

ओहमचा_नियम
मूळ प्रश्नावर येतो. शेजारी शेजारी सेल बसतात एवढ्यावरून काही ठरत नाही. आत ते सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडलेत की पॅरलल (समांतर), हे महत्त्वाचं. दुकानदाराला विचारू नका, तो खोक्यावरचं वाचून दाखवेल. त्याच्यासमोर एक सेल काढा आणि बटण दाबा. पेटला तर पॅरलल, नाही पेटला तर सिरीज.

सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, दोन भरलेले सेल म्हणजे ८.४ व्होल्ट. त्यात एक सेल जुना आणि एक नवा असेल तर जुना आधी संपतो, पण नवा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो. जुना शून्याच्या खाली उलटा चार्ज व्हायला लागतो, तापतो, आणि नशीब वाईट असेल तर वाफ सोडतो. बंद धातूच्या नळीत हे झालं तर तुमच्या हातात काय आहे याचा विचार करा. म्हणून सिरीजवाल्यात जोडी फोडायची नाही. एकाच बनावटीचे, एकाच दिवशी घेतलेले, कायम एकत्र चार्ज केलेले सेल. मार्करने दोघांवर खूण करून ठेवा.

पॅरललमध्ये व्होल्टेज तेवढंच, क्षमता दुप्पट. एका सेलवरही चालतो, म्हणजे डोंगरात एक सेल गेला तरी खाली येता येतं. त्याचा धोका वेगळा आहे. एक भरलेला आणि एक रिकामा असे एकत्र टाकले तर भरलेला रिकाम्यात धो धो ओतायला लागतो. आणि एक चुकून उलटा टाकला तर दोघांचा सरळ शॉर्ट. चांगल्या टॉर्चमध्ये धन टोकाभोवती प्लॅस्टिकची उंच कडी असते, त्यामुळे उलट्या सेलचा संपर्कच होत नाही. झाकण उघडून ती आहे का बघा. नसेल तर तो टॉर्च वडिलांच्या हातात देऊ नका.

रात्रपाळी
वरच्या पोस्टमधलं अर्धं कळलं नाही पण सेल महत्त्वाचे हे खरं. माझ्याकडे भाच्याचे पडलेत. परदेशात होता तेव्हा दोन बॅटऱ्यांचं ते धूर सोडायचं व्हेप का काय ते वापरायचा. आता सोडलं म्हणतो. तेच दोन सेल मी टॉर्चमध्ये घालतो, एकदम फर्स्ट क्लास. कोणाला हवे असतील तर अजून दोन आहेत.

पेठकर
ते यंत्र आपल्याकडे २०१९ पासून कायद्याने बंद आहे. आयात, विक्री, साठवण, सगळंच. भाच्याला सांगा.

रात्रपाळी
अहो यंत्र नाही, फक्त सेल आहेत. आणि सोडलंय म्हटलं ना.

ओहमचा_नियम
सेल बेकायदा नाहीत, पण एक बघा. त्या यंत्रात सेलमधून एकदम जोराचा करंट ओढतात, म्हणून त्यातले सेल जास्त अँपिअरचे आणि कमी क्षमतेचे असतात, बऱ्याचदा २५०० एमएएच. टॉर्चला उलट हवं. करंट बेताचा, पण रात्रभर. शिवाय दोन-तीन वर्षं घासलेले असतील आणि खिशात किल्ल्यांबरोबर फिरले असतील तर वरचं प्लॅस्टिकचं कव्हर कुठेतरी फाटलेलं असणार. १८६५० ची अख्खी बाजू ऋण असते. धन टोकाजवळ कव्हर फाटलं की शॉर्ट व्हायला एक किल्ली पुरते. कव्हर बघा, फाटलं असेल तर वापरू नका.

रात्रपाळी
बघितलं. एकाचं फाटलंय थोडं. सेलोटेप लावतो.

ओहमचा_नियम
🙏

गावाकडचा_इंजिनियर
काकांसाठी सांगतो. आमच्याकडे एव्हरेडीचा जीवनसाथी होता, पितळी, त्यात मोठे सेल. सरकवायचं बटण. वडिलांनी तो अंधारात, झोपेत, एका हाताने वापरला. सरकवलं की चालू, मागे सरकवलं की बंद. तिसरी गोष्ट नाही. आताच्या टॉर्चमध्ये एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की टर्बो, धरून ठेवलं की वाढतो, तीनदा दाबलं की सेल किती उरलाय ते लुकलुकून सांगतो, चारदा दाबलं की कुलूप. मी माझ्या वडिलांना एक असाच आणून दिला. बांधावर गडबडीत बटण कितीदा दाबलं गेलं देव जाणे, तो डिस्कोसारखा लुकलुकायला लागला. पुढे काहीतरी वळवळत होतं आणि ते नीट दिसेना. ते घोणस होतं की धामण, हे अजून ठरलं नाही. त्या दिवसापासून टॉर्च फडताळात.

दुसरं, प्रकाशाचा रंग. निळसर पांढऱ्या उजेडात सगळं सपाट दिसतं. लाल मातीवर, वाळक्या पानात फुरसं बसलं असेल तर कळत नाही. ५००० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा, रंग खरे दाखवणारा एलईडी घ्या. ल्युमेन, म्हणजे एकूण प्रकाश, कमी झाले तरी चालतील.

तिरकस
फुरसं लाल मातीवर लाल टॉर्चनेही दिसत नाही. काठी आपटत चालायचं. पूर्वी लोक कंदील घेऊनच जायचे.

गावाकडचा_इंजिनियर
आणि चावायचं त्यांनाच. काठी पण न्यायची, गमबूट पण घालायचे, टॉर्च पण.

चहाबाज
माझं म्हणणं ऐका, एकच सेलवाला घ्या, २१७०० चा (१८६५० पेक्षा थोडा मोठा सेल). त्या सेलमध्ये ५००० एमएएच येतात. दोन सेलची भानगडच नको. २००० च्या आत मिळतो, वर ८०० चा साधा हेडलॅम्प घ्या, झालं ३००० च्या आत.

आणि टाइप-सीचं एक. स्वस्त टॉर्चमध्ये टाइप-सी नुसतं भोक असतं. दोन्ही बाजूंना सी असलेली केबल लावली तर चार्जच होत नाही, कारण आत ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर लागतात ते वाचवलेले असतात. जुन्या चौकोनी तोंडाच्या केबलने होतो. दुकानात तुमच्या फोनच्या केबलने लावून बघा. मला हे राजगडावर पद्मावती माचीवर पॉवर बँकेला लावल्यावर कळलं.

घाटवाट
चहाबाज बरोबर बोलतायत, एकच सेल बरा. पण फेनिक्सच.

भटकी_भिंगरी
+१ एक सेल. आणि हेडलॅम्प. हे मी आधीच म्हटलं होतं.

पेठकर
एक सेल. चपट्या टॉर्चला कमरेची पिशवी सहजासहजी मिळत नाही. ल्युमेनच्या आकड्यालाही भुलू नका. खोक्यावर ३००० लिहिलेलं असतं, तीन-चार मिनिटांत तापून अर्ध्यावर येतो. तासांचा आकडाही प्रकाश दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा मोजतात. मोजायचं ठरलेलं मानकच तसं आहे, त्यात फसवणूक नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं पूर्ण वेळ लख्ख.

ओहमचा_नियम
हे बरोबर. चालायला २५०-३०० ल्युमेन पुष्कळ झाले. त्याला अडीच-तीन वॅट जातात. ३००० एमएएच चे दोन खरे सेल म्हणजे २१-२२ वॅट-तास. रात्र निघते. ‘खरे’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. सेलवर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर तिथल्या तिथे परत द्या. या मापाचा चांगला सेल ३०००-३५०० चा असतो आणि ४५ ते ५० ग्रॅम भरतो. सोनाराकडे वजन करा वाटलं तर.

तिरकस
सोनाराकडे सेल घेऊन जाणारा पहिला माणूस पुण्याचाच असणार.

मु_पो_धायरी
सगळ्यांचे आभार. काल परत दुकानात गेलो होतो, वडिलांनाही नेलं. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाच मजा वाटायला लागली.

एक सेल काढून दाबलं, पेटला. म्हणजे पॅरलल. धन टोकाला कडी आहे, सेल उलटा टाकून पाहिला, काहीच झालं नाही. फोनच्या केबलने चार्ज होत नाही, जुन्या केबलने होतो (चहाबाज, मानलं). बरोबर आलेले सेल ‘५८००’ लिहिलेले होते, ते परत दिले आणि किंमत कमी करून घेतली. दुसऱ्या दुकानातून ३००० चे दोन घेतले. सगळं मिळून २९५० ला बसलं. म्हणजे तोच टॉर्च घेतला.

तुम्ही सगळे एक सेल म्हणत होता, म्हणून तसलेही दोन हाताळून पाहिले. एकाच बटणात सगळं कोंबलेलं असतं, आणि वडिलांच्या बोटाला ‘दाबलं’ आणि ‘धरून ठेवलं’ यातला फरक जमत नाही. दर वेळी वेगळाच प्रकाश. या दोन बटणवाल्यात चालू-बंदचं बटण फक्त चालू-बंदच करतं. प्रकाश मी दुसऱ्या बटणाने एकदा मधल्यावर लावून ठेवला, तो आठवणीत राहतो. त्यांनी दुसऱ्याला हातच लावायचा नाही. चालू-बंदचं बटण मोठं आणि वर आलेलं आहे, दुसरं छोटं आणि खोलगट, त्यामुळे न बघता अंगठ्याला कळतं. ते कटकन दाबलं जातं आणि वीज खरोखर तुटते, बंद असताना सेल उतरण्याचा प्रश्न नाही. चपटा असल्यामुळे मोटरच्या पेटीवर ठेवला तर गडगडत नाही, आणि मुठीत आडवा बसतो, हे त्यांनाच आवडलं.

वाईट काय, तेही सांगतो. हात ओला असला की दोन्ही बटणांचं रबर निसरडं होतं. जड आहे. आणि रंग पांढराफटक, ५००० केल्विन नाही. इंजिनियरसाहेब, त्याबाबतीत तुमचं ऐकता आलं नाही, त्या दुकानात तसला नव्हताच.

घाटवाट
सहा महिन्यांनी याच धाग्यावर सांगा काय झालं ते.

गावाकडचा_इंजिनियर
बटणांचं पटलं. पांढऱ्या रंगावर काचेला आतून पिवळसर पारदर्शक कागद लावून बघा, थोडा फरक पडतो. काकांना म्हणावं गमबूट घालूनच.

पेठकर
५८०० चे सेल परत घेतले त्याने? दुकानाचं नाव सांगा, मला तिथे एक मिक्सर परत करायचाय.

चहाबाज
मग ट्रेकला काय? तो तर शेतावर राहणार.

मु_पो_धायरी
हो. वडिलांनी कालच पिशवीत टाकून नेला. शनिवारी कात्रज-सिंहगड आहे, भिंगरीताई, तुमच्या ग्रुपमध्ये कोणाकडे जादा हेडलॅम्प आहे का?

भटकी_भिंगरी
आहे. पण सेल तुमचे आणायचे. तीन ट्रिपल-ए. जुन्या बोगद्यापाशी, वाघजाईच्या देवळाजवळ साडेआठला. उशीर केला तर थांबत नाही.

रात्रपाळी
ट्रिपल-ए मध्ये १८६५० बसतो का?