मंडळीतली जबाबदारी सोडायची वेळ आली की नम्रता कशी राखावी?

शब्बाथशाळा (प्रश्न)

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

सेवेतल्या नम्रतेविषयी विचारायचं आहे, पण उपदेशाच्या अंगानं नको, कामाच्या अंगानं सांगा. शब्बाथ शाळा (रविवारचा मुलांचा बायबलवर्ग), गीतमंडळ, खजिनदारी, कॉटेज मीटिंग (घरोघरच्या प्रार्थनासभा) ही चर्चमधली कामं एकेका माणसाकडे दहा-पंधरा वर्षं राहतात. सुरुवात प्रार्थनेनं झालेली असते. पुढे कधीतरी ‘प्रभूचं काम’ आणि ‘माझी शब्बाथ शाळा’ यांतली रेघ पुसली जाते, आणि ते त्या माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. मग नवी कमिटी येते, जबाबदारी दुसऱ्याला देते. मन दुखतं, उपासनेला येणं कमी होतं, कधी अख्खं कुटुंब मंडळी बदलतं.

हे वेळेत कसं ओळखायचं? काम हातात असताना काय व्यवस्था ठेवावी? आणि समर्पण म्हणजे जे होईल ते मुकाट सोसायचं, असं आहे का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

जुना करार

सलाम. आधी एवढेच सांगतो की सेवक भरकटल्याची खूण कामाच्या फळात शोधू नका. बायबलमधल्या गणना पुस्तकाचा २० वा अध्याय सावकाश वाचा. निर्गम १७ मध्ये रानात लोक तहानलेले असताना देवाने त्यांचा पुढारी मोशे याला खडकावर काठी मारायला सांगितले होते. गणना २० मध्ये त्याने खडकाशी बोलायला सांगितले. मोशेने काठी उचलली आणि दोनदा मारली, मागच्या वेळी जे केले होते तेच केले. वर लोकांना म्हणाला, आम्ही तुमच्यासाठी या खडकातून पाणी काढायचे काय? ‘आम्ही’ हा शब्द तिथे ठळक दिसतो. आणि तरी पाणी आले. भरपूर आले, माणसे प्याली, गुरेढोरे प्याली. त्या संध्याकाळी छावणीत कोणालाही विचारले असते तर सेवा उत्तम झाली असेच उत्तर मिळाले असते. त्याच प्रसंगी मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांचा कनान देशात जाण्याचा मार्ग बंद झाला. आणि हा तोच मोशे, ज्याला गणना १२:३ मध्ये पृथ्वीवरील सर्व माणसांहून नम्र म्हटले आहे.

म्हणून मुले भरपूर येतात, गाणी चांगली बसतात, लोक डोळे पुसतात, यावरून सेवक विश्वासू आहे असे ठरत नाही. तहानलेल्यांवर देवाला दया येते, म्हणून पाणी येते.

जुन्या सेवकाचा धोका बहुतेक वेळा याच जागी असतो. गेल्या वर्षीचा आराखडा हातात असतो, तो चाललेला असतो, म्हणून या वर्षी विचारायचे राहून जाते. तपासायचे असेल तर तयारीचा क्रम पाहा. धड्याचा उतारा या आठवड्यात पुन्हा वाचला की जुन्या वहीतले टिपण काढले? प्रार्थना आराखडा ठरण्याआधी झाली की ठरल्यावर, त्यावर आशीर्वाद मागण्यापुरती?

दुसरी खूण इस्राएलाचा राजा शौल याची. १ शमुवेल १५:१२ मध्ये तो लढाईनंतर कर्मेल येथे स्वतःचे स्मारक उभारतो. मी पाप केले असेही तो पुढे म्हणतो, पण ३० व्या वचनात लगेच शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की लोकांच्या वडिलांसमोर माझा मान राख. पश्चात्तापाचे शब्द बरोबर, मागणी मानाची. कमिटीत चूक कबूल केल्यावर पुढच्या वाक्यात आपण काय मागतो ते ऐकावे. ‘पण हे बाहेर जाऊ देऊ नका’ असे आले, तर शौल फार लांब नाही.

पाकीट आणि पावती

व्यवस्थेचं विचारलंत, तर मी पैशापासून सुरुवात करीन, कारण नम्रतेची परीक्षा अर्पणाच्या टेबलावर सगळ्यात लवकर होते.

प्रेषित पौलानं यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा काय केलं ते पाहा. १ करिंथ १६:३-४ मध्ये तो म्हणतो, रक्कम कोणी न्यायची ते तुम्ही ठरवा, आणि मी जाणं योग्य वाटलं तर ते माझ्याबरोबर येतील. २ करिंथ ८ मध्ये आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन विश्वासू भाऊ पाठवतो आणि कारणही उघड सांगतो: एवढ्या मोठ्या देणगीबद्दल कोणी दोष लावू नये, आणि जे प्रभूच्या दृष्टीनंच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनंही योग्य ते व्हावं. प्रेषित असून त्यानं ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं विचारलं नाही.

मंडळीत हे असं उतरवावं. अर्पणाच्या पिशव्या टेबलावरून उचलल्यापासून मोजणी होईपर्यंत एकट्याच्या हातात राहू नयेत. मोजायला दोघं बसावीत, एका घरातली नकोत, आणि त्यांच्यात खजिनदार नसला तर उत्तम. पाकिटं एका बाजूला, सुट्या नोटा दुसऱ्या, नाणी तिसऱ्या. पाकिटावर लिहिलेली रक्कम आणि आत निघालेली रक्कम ताडून पाहायची. फरक निघाला तर त्याच पाकिटावर नोंद करून दोघांनी सही करायची आणि ते पाकीट फेकायचं नाही. ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती, अशी चिठ्ठी करून तिच्यावर सह्या. वहीत नोंद त्याच दिवशी, शाईच्या पेनानं. आकडा चुकला तर खोडून गिरवायचा नाही, आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत.

‘पूर्ण’ म्हटलं ते मुद्दाम. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: पाहुण्या वक्त्यांचं गाडीभाडं, चहा, फुलं यांचे पैसे पिशवीतूनच दिले जातात आणि उरलेले वहीत चढतात. कोणी चोरलेलं नसतं, पण वर्षाअखेरीला हिशेब लागत नाही आणि एका विश्वासू माणसाचं नाव खराब होतं. किरकोळ खर्चाला वेगळी ठरावीक रक्कम ठेवा आणि व्हाउचरवरच द्या.

आणखी एक, हे महाराष्ट्रातल्या मंडळ्यांसाठी. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आपसातली गोष्ट म्हणून तो राहून जातो, कागदावर जुनीच नावं राहतात, आणि पाच-सात वर्षांनी त्याच कागदावरून मंडळीत दोन गट पडतात. पद सोडणाऱ्यानं स्वतः पाठपुरावा करून आपलं नाव काढून घेणं, ही मला मोठी आध्यात्मिक गोष्ट वाटते.

वसईकर

आमच्या कॅथलिक परंपरेत ‘वेळेत कसं ओळखायचं’ याला एक जुनी, अगदी हाताशी असलेली पद्धत आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेत (तिला पोपची मान्यता १५४८ मध्ये मिळाली) रोजचं आत्मपरीक्षण पाच पायऱ्यांचं आहे: आधी मिळालेल्या कृपांबद्दल आभार, मग स्वतःची पापं दिसावीत म्हणून प्रकाश मागणं, मग उठल्यापासूनचा दिवस तासातासानं पाहणं, मग क्षमा, शेवटी सुधारण्याचा निश्चय. क्रम महत्त्वाचा. आभारानं सुरुवात न करता थेट चुका मोजायला घेतल्या तर आठवड्याभरात माणूस एक तर खचतो, नाही तर थांबतो.

पण तुमच्या प्रश्नाला त्यातलं दुसरं, एकाच दोषावरचं परीक्षण जास्त लागू पडतं. एकच दोष निवडायचा, आणि तो बारीक हवा. ‘गर्व’ फार मोठा होतो. ‘दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं’ किंवा ‘माझं काम कोणी वाखाणलं नाही म्हणून राग धरणं’ असा घ्या. सकाळी उठताच त्यापासून जपायचं ठरवायचं. दिवसात चूक झाली की छातीवर हात ठेवायचा. माणसांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारी जेवणानंतर आणि रात्री जेवणानंतर कागदावर ठिपके मांडायचे. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांच्या जोड-रेघा असतात: वरची दुपारपर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. वरच्या रेघेशी खालची, कालच्याशी आजची, मागच्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा.

पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतात. घाबरू नका, दोष वाढलेला नसतो, आता दिसू लागलेला असतो. कागद कोणाला दाखवू नये. दाखवायचाच तर आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला, आणि पाप असेल तर प्रायश्चित्त संस्काराकडे (धर्मगुरूंजवळच्या पापकबुलीला) जावं.

शब्बाथशाळा

मनापासून आभार. ठिपक्यांची पद्धत आमच्याकडे कोणाला माहीतच नव्हती. तिसरा प्रश्न मात्र राहिला. ‘नम्र व्हा’ हे वाक्य बऱ्याचदा गप्प बसवण्यासाठी वापरतात. हिशेब मागितला तरी ‘सेवकाला प्रश्न विचारू नये’ असं ऐकायला मिळतं.

भाकर

ताई/दादा, हे स्पष्ट बोललं पाहिजे. समर्पण देवाला करायचं असतं, कमिटीच्या चुकीला नाही. गलती २:११ मध्ये पौल पेत्राला तोंडावर विरोध करतो. पेत्र म्हणजे येशूचा प्रमुख शिष्य, काही लहान माणूस नव्हता. मत्तय १८:१५-१७ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत: आधी एकट्यानं त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे, मग मंडळीला सांग. बिघडतं ते क्रम उलटा झाल्यावर; आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं आणि मग भेटायला जायचं. दुसऱ्या पायरीला जाताना नाराज मंडळींना गोळा करू नका. दोन्ही बाजूंचा आदर असलेली माणसं न्या, नाही तर ती साक्ष राहत नाही, मोर्चा होतो.

हिशेब मागणं लेखी आणि वार्षिक सभेच्या आधी असावं, त्यात आरोप नसावा, फक्त कोणत्या काळाचा आणि कोणत्या खात्याचा हवा ते असावं. आणि कोणाला, विशेषतः लहान मुलांना, इजा होत असेल तर या पायऱ्यांची वाट पाहायची नाही. १०९८ ला चाइल्डलाइनला आणि पोलिसांना लगेच कळवायचं. तिथे नम्रतेचं नाव घेऊन थांबणं म्हणजे अविश्वासूपण आहे.

समर्पणाचा खरा अर्थ मला मेथडिस्ट मंडळ्यांच्या कराराच्या उपासनेत, म्हणजे देवाशी केलेला करार नव्यानं करण्याच्या उपासनेत, सापडतो. ती वर्षाच्या सुरुवातीला घेतात. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी ती १७५५ मध्ये सुरू केली. तिच्या प्रार्थनेत, तुझ्यासाठी मला कामाला लाव किंवा तुझ्यासाठीच मला बाजूला ठेव, अशा अर्थाचं मागणं आहे. दोन्ही एकाच श्वासात. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात हे मनापासून मागितलं असेल तर जूनमध्ये कमिटीनं बाजूला ठेवलं तेव्हा निदान आठवतं की हे आपणच मागितलं होतं.

आपल्याकडची उदाहरणं आहेतच. कवी रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. मे १९१९ मध्ये ते गेले, म्हणजे त्या कामाला दोन वर्षंही नीट मिळाली नाहीत. पंडिता रमाबाईंनी साध्या बायांना वाचता यावं म्हणून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींनीच छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या, आणि संपूर्ण बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये. (टिळकांचं उदाहरण देऊन तरुणांना नोकरी सोडायला लावू नये. पौल करिंथमध्ये तंबू शिवत होता, तेही समर्पणच.)

जुना करार

एक भर. योहान १३ मध्ये प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याकडे आपण सेवा देणाऱ्याच्या बाजूने पाहतो. पेत्राने पाय पुढे करायला नकार दिला, तेव्हा प्रभूने त्याला फार कडक शब्दांत थांबवले. सेवा घ्यायला नकार देणे हाही मोठेपणा असू शकतो. आजारपणात जेवणाचा डबा, नव्या शिक्षकाची मदत, निरोपाचे चार शब्द, हे घेता आले पाहिजे. आणि त्या रात्री प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय धुतले गेले. तो नंतर, ३० व्या वचनात, बाहेर गेला.

पाकीट आणि पावती

हस्तांतराचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. गणना ८:२३-२६ मध्ये लेव्यांची (उपासनेच्या कामासाठी नेमलेल्या वंशातल्या लोकांची) सेवा पंचविसाव्या वर्षी सुरू होते आणि पन्नासाव्या वर्षी थांबते. पुढे त्यांनी भावांना मदत करायची, पण नेमलेलं काम करायचं नाही. गणना ४ मध्ये सुरुवात तिसाव्या वर्षी सांगितली आहे. मधली पाच वर्षं शिकाऊ असत असा यहुदी पंडितांनी अर्थ लावला आहे. म्हणजे सुरुवातीला शिकणं आणि शेवटी बाजूला होणं, दोन्ही ठरलेलं. लेवीला पन्नासाव्या वर्षी अपमान वाटत नसे, कारण तारीख पहिल्या दिवसापासून माहीत होती. नेमणुकीच्या ठरावातच तीन वर्षांची मुदत लिहा.

शब्बाथ शाळेसाठी तीन महिने पुरतात. पहिल्या महिन्यात नवा माणूस नुसता पाहतो. दुसऱ्यात दोघं मिळून. तिसऱ्यात नवा घेतो आणि जुना मागच्या बाकावर, हातात वही न धरता, कारण टिपणं काढणारा माणूस मागे दिसला की नव्याचा आवाज बसतो. सूचना द्यायचीच तर आठवड्यातून एक, आणि ती रविवारी नाही, मंगळवार-बुधवारी.

शेवटच्या रविवारी हजेरीपट, वयोगटाच्या याद्या, पालकांचे नंबर, कपाटाच्या दोन्ही किल्ल्या, उरलेली पुस्तकं मोजून, एका कागदावर दोघांच्या सह्यांनी द्या. ग्रुपचं अ‍ॅडमिनपण त्याच दिवशी सोडा. हे राहतं आणि तिथूनच भांडण सुरू होतं. पालक पुढचे कित्येक महिने जुन्यालाच फोन करतील. त्यांना उत्तर माहीत असूनही सांगू नये, ‘नव्या बाईंना विचारा’ एवढंच म्हणावं.

आणि वेळ ईस्टरनंतरची धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदल केला तर नव्या माणसाच्या गळ्यात थेट नाताळचा कार्यक्रम पडतो, तो घसरतो, आणि लोक जुन्याला परत बोलावतात.