मेथी निवडताना मुलं बोलतात. तुमच्या घरी काय होतं?

"शाळेत काय झालं आज?" असं विचारलं की माझी ९ वर्षांची मुलगी "काही नाही" म्हणते. रोज. पण रविवारी सकाळी मेथीच्या दोन जुड्या घेऊन मी खाली पेपर पसरला, की ती आपणहून येऊन बसते आणि थोड्या वेळाने बोलायला लागते. मागच्या महिन्यात अर्धी जुडी झाल्यावर म्हणाली, "आई, मधल्या सुट्टीत मी आता एकटीच डबा खाते." मी मान वर केली नाही, हात चालू ठेवले. तीही पानं खुडत राहिली आणि सगळं सांगत गेली. तिच्या दोघी मैत्रिणी तिसऱ्याच मुलीबरोबर बसायला लागल्या होत्या आणि हिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मला वाटतं, नजर खाली असते, हात गुंतलेले असतात, म्हणून मुलांना धीर येतो. आणि मेथीला घाई चालत नाही. पानं खुडायची, कोवळे देठ राहिले तरी चालतात, जाड देठ आणि पिवळी पानं बाजूला. दोन जुड्यांना आम्हा दोघींना अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ फोन आतल्या खोलीत. सुरुवातीचे काही रविवार माझाच हात फोनकडे जायचा. श्वासावर लक्ष ठेवायचा प्रयत्नही मी पूर्वी करून पाहिला आहे, मन टिकायचं नाही. मेथीवर टिकतं.

निवडणं, सोलणं, खोवणं, थापणं, कुटणं... तुमच्या घरात असं कोणतं काम आहे? मुलं मोठी होऊन बाहेर पडली असतील तरी लिहा. हे जमत नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.

डोंबिवली. मुलगा १३ वर्षांचा

आम्ही मूळचे अलिबागकडचे, त्यामुळे घरात कडवे वाल आलेच. शुक्रवारी रात्री अर्धा किलो वाल भिजत घालतो, शनिवारी सकाळी उपसून पंचात बांधून ठेवतो, रविवारपर्यंत मोड येतात. मग थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवले की साल सुटते. दोन बोटांत दाबलं की डाळिंबी अलगद बाहेर येते. आमच्या लहानपणी हे काम आई-काकूंचं समजलं जायचं. मी ते स्वतःकडे घेतलं, कारण आठवडाभर मी सातच्या आत लोकल पकडतो आणि परत येतो तेव्हा मुलगा क्लासला गेलेला असतो.

सुरुवातीला तो बसायचा नाही. मी बोलावलंही नाही. परात हॉलमध्ये आणून सोलत बसायचो, एवढंच. तिसऱ्या की चौथ्या रविवारी आला, मूठभर सोलून गेला. पुढे थांबायला लागला. जूनमध्ये एकदा सोलता सोलता म्हणाला, "बाबा, मला क्रिकेटचं कोचिंग सोडायचंय." दोन वर्षांची फी, किट, पहाटेची धावपळ, सगळं डोळ्यांसमोर आलं. बोलायला तोंड उघडलं होतं. हातात वाल होता, तो सोलला. मग दुसरा सोलला. तेवढ्यात त्याने पुढचं सांगितलं: तिथले सर चूक झाली की सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतात आणि आदल्या रात्री त्याला झोप लागत नाही. मी पहिल्या वाक्यावरच सुरू झालो असतो तर हे दुसरं वाक्य त्याने पोटातच ठेवलं असतं.

कोचिंग सोडलं. आता बिल्डिंगखाली पोरांबरोबर खेळतो आणि भूक लागली म्हणून घरी येतो. डाळिंब्यांच्या उसळीला फोडणी तोच देतो. ओलं खोबरं, जिरं, मिरची वाटून लावतो, आमसूल आणि गूळ शेवटी. गूळ त्याच्या हाताने जरा जास्तच पडतो आणि मला तो आता तसाच आवडायला लागला आहे.

सोलापूर. दोन मुली, मोठी १५ वर्षांची

आमच्याकडे उलटं आहे. भाकरी करताना कुणीच बोलत नाही आणि त्याचाच आम्हाला उपयोग झाला.

मोठीचं आणि माझं गेल्या वर्षापासून शब्दाला शब्द लागत होता. तिला भाकरी शिकवायला सासूबाईंनी घेतलं, मी नाही, ते बरंच झालं. ज्वारीचं पीठ ताजं लागतं, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो आणि भाकरीच्या कडा चिरतात. गरम पाणी घालून पीठ चांगलं रगडायचं, मग परातीत थापत थापत भाकरी फिरवायची. ती फिरत असताना दुसरीकडे बघितलं की फाटलीच. तव्यावर टाकली की वरून लगेच पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग आचेवर शेकायची. आता आजी थापते, नात तव्याचं बघते, मी शेकते. तिघी एका ओट्याशी. सकाळी भांडण झालेलं असलं तरी संध्याकाळी तिला माझ्या हातात भाकरी द्यावी लागते आणि मला ती घ्यावी लागते. दहा-बारा भाकरी होईपर्यंत दोघींचे आवाज खाली आलेले असतात. एकदा सासूबाई गावाला गेल्या होत्या, तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतः थापली. वाकडी झाली, पण फुगली. ती तिने माझ्याच ताटात वाढली.

नागपूर. मुलगा १० वर्षांचा

वरचं वाचून आधी मन खट्टू झालं. मी नर्स आहे, महिन्यातले कितीतरी दिवस रात्रपाळी असते. सकाळी घरी येते तेव्हा मुलगा शाळेत गेलेला असतो. मी मेथी काय, सांबारसुद्धा (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) निवडलेला विकत आणते, कुकर लावते आणि झोपते. ज्या आयांचं असंच चाललंय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते: रोजचं जमलं नाही म्हणून मूल दुरावत नाही.

आमचं हिवाळ्यातलं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंबिया बहाराची संत्री येतात, पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. सुटीच्या दिवशी सकाळी पाच-सहा संत्री घेऊन आम्ही दोघं गच्चीवर उन्हात बसतो. तो सोलतो, मी फोडींच्या शिरा काढते. तो चार वर्षांचा असताना त्याचे बाबा गेले. घरात त्यांचा फोटो आहे, पण फोटोसमोर तो काही विचारत नाही. गच्चीवर विचारतो. बाबांना पोहता यायचं का? बाबा रागावले की काय करायचे? जे आठवतं ते मी खरं खरं सांगते. राग यायचा तेही सांगते. सालींचा ढीग झाला की उठतो.

फोंडा, गोवा. मुली ६ आणि ८ वर्षांच्या

आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, धांदल असते. जून-जुलैमध्ये ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून सुके बांगडे, सोलं (आमसुलं), मिरच्या आधीच भरून ठेवायच्या. बाहेर धो धो पाऊस असला की सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, काढून बसतो. डोकी आणि शेपट्या खुडायचं काम मुलींचं. विळीवर नारळ मात्र मीच खोवते, आणि त्या वेळी मुलींनी हातभर लांब बसायचं हा नियम आहे. मग सुंगटं आणि खोबऱ्याचं किसमूर, म्हणजे सुकी कोशिंबीर, होतं. धाकटी मासे खात नव्हती, स्वतः निवडलेलं किसमूर आता भातावर मागून घेते. बोलणं फार होत नाही, दोघींची गाणीच चालू असतात. मला ती ऐकायला आवडतात.

म्युनिक, जर्मनी. मुलगा ७ वर्षांचा

इथे पालेभाजी धुऊन पिशवीत येते, निवडायला काही उरत नाही. आम्ही शेंगदाणे भाजतो. कच्चे दाणे आशियाई दुकानातून आणायचे, मंद आचेवर मी, म्हणजे बाबा, भाजणार, गार झाल्यावर मुलगा चोळणार, मग बाल्कनीत जाऊन दोघं मिळून पाखडणार. सालं खालच्या मजल्यावर उडतात म्हणून शेजारच्या आजींना आधीच सांगून ठेवलंय, कुटाचे लाडूही दिले.

मुलगा शाळेत जर्मन बोलतो, घरीही बहुतेक जर्मनमध्येच उत्तर देतो. मराठीत बोल म्हणून मागे लागलो की गप्प बसायचा. दाण्यांच्या वेळी मात्र मराठीच बोलतो, कारण चोळणं, पाखडणं, जाडसर, खमंग हे शब्द त्याला माझ्या हाताकडे बघूनच कळले. त्यांना दुसरे शब्द त्याच्याजवळ नाहीत. परवा मिक्सर माझ्याआधी त्यानेच बंद केला आणि म्हणाला, "बास, जाडसर झालं."

पुन्हा मी, मेथीवाली

सगळं मुलीला वाचून दाखवलं. गच्चीवरच्या संत्र्यांचं तिने दोनदा वाचायला लावलं. या आठवड्यात मेथी चांगली मिळाली नाही म्हणून पालक आणला होता. बसलो दोघी, पंधरा मिनिटांत सगळा निवडून झाला. तिने पेपरावरचे देठ गोळा केले आणि म्हणाली, "आई, हा लवकर संपतो. पुढच्या वेळी मेथीच आण."