नाव गळलं म्हणजे मुलीत खोट नाही
अमेरिकेतल्या कॉलेजांत सोरोरिटीत (मुलींच्या संघटनेत) शिरायला राउंडमागून राउंड निवड होते, त्यात "नाव गळलं की मुली स्वतःलाच दोष देतात" असं म्हणतात ते पटलं, पण "मग भागच घेऊ नका" हे काही पटत नाही. माझ्या भाचीचं दुसऱ्याच राउंडला आवडत्या दोन हाउसेसमधून (म्हणजे सोरोरिटींमधून) नाव गेलं, रात्री दीडला रडत फोन, मावशी माझ्यात काय कमी आहे गं. पुढच्या राउंडला किती जणींना बोलवायचं हा आकडा प्रत्येक चॅप्टरला (सोरोरिटीच्या त्या कॉलेजातल्या शाखेला) आधीच ठरवून दिलेला असतो, म्हणजे जिथे गर्दी जास्त तिथे चांगल्या मुलीही सोडाव्याच लागतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं! तिच्या रो गॅमाने (मदतीला नेमलेली सिनियर, तेवढ्यापुरती स्वतःच्या सोरोरिटीपासून लांब राहते) समजावलं तेव्हा कुठे जेवली. आणि बिड (सदस्य होण्याचं आमंत्रण) नाही आली तरी ज्या चॅप्टरमध्ये जागा उरते तिथे नंतर ओपन बिडिंग (ठरलेल्या राउंडशिवाय थेट आमंत्रण) चालू असू शकतं, त्यात एवढा नटण्यामुरडण्याचा तमाशाही नसतो.