स्मरणिकेत ब्रेकडान्सचं पान हवं की नको?

दुसरा_मजला

आमच्या लालबागच्या चाळीतल्या गणेशोत्सवाचं यंदा ७५ वं वर्ष. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार, म्हणून शेवटची स्मरणिका निघतेय. मी दीड पान लिहून दिलं होतं, १९८५ ते ८९ च्या आमच्या ब्रेकडान्सवर. समितीने साभार परत केलं. कारण काय, तर "हा आपला सांस्कृतिक वारसा नाही." त्याच स्मरणिकेत संगीत खुर्चीला पाऊण पान दिलंय. संगीत खुर्ची काय ज्ञानेश्वर माउलींनी सुरू केली?

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गणपतीत एक रात्र 'रेकॉर्ड डान्स' स्पर्धेची असायची. आधी कोळीगीतं, एखादी लावणी, शेतकरी नाच वगैरे. १९८२ च्या शेवटी 'डिस्को डान्सर' आला आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक मंडळात चमकीचा पट्टा बांधलेला एक मिथुन ठरलेला. मग कोणीतरी भाड्याने व्हीसीआर आणला. रात्रभरात तीन पिक्चर आणि मध्ये मायकल जॅक्सन. पोरांनी पिक्चर सोडले आणि ती एकच कॅसेट पहाटेपर्यंत मागे-पुढे केली. १९८५ च्या 'मेरी जंग'मध्ये जावेद जाफरी नाचला तेव्हा तर खात्रीच पटली की हे हाडामांसाच्या माणसाला, आणि मुंबईतल्या माणसाला, जमतं.

सराव पॅसेजमध्ये. शहाबादी फरशीवर पाय सरकेना, म्हणून कॅरमची पावडर टाकायचो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी भरल्या हंड्यासकट घसरल्या. आजींना काही झालं नाही, हंडा मात्र चेपला तो चेपलाच. मग आम्ही गच्चीवर गेलो. गिरक्यांसाठी फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा, एका हातात पांढरा मोजा (बँडवाल्याकडून मागून आणलेला, एकच), कपाळाला पट्टी. गाण्यांची कॅसेट दुकानात यादी देऊन भरून घ्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये आमचा नाच चार मिनिटांचा, बाकी आईसाठी भावगीतं.

आता सांगा, हे पान का नको?

सप्रेम_विरोध

मी तुमच्या समितीत नाही, पण समितीच्या बाजूचा. पान मागताय त्याचं वाईट नाही वाटत. वाईट याचं वाटतं की त्या नाचाने काय खाल्लं ते तुम्ही लिहीत नाही. आमच्या परळच्या मंडळात उत्सवाच्या रात्री दहा, त्यातल्या कार्यक्रमाला मिळायच्या पाच-सहा. वर्गणी मोजकी. रेकॉर्ड डान्स एका रात्रीचा दोन रात्रींचा झाला तेव्हा दुसरी रात्र आभाळातून पडली नाही. ती एकांकिकेची होती. चाळीतली पोरं स्वतः लिहून, बसवून, आईच्या साडीचे पडदे लावून करायची ती एकांकिका. ८७ नंतर आमच्याकडे ती झालीच नाही. नाचणाऱ्याला स्वतःचं एक वाक्य लिहावं लागत नव्हतं. अमेरिकेतल्या माणसाने केलं तसं केलं की शिट्ट्या. याला मी नक्कल म्हणतो.

टेपडेक

थोडी भर, कारण शब्दच चुकीचा वापरला जातोय. तुम्ही केलात तो बहुतेक ब्रेकडान्स नव्हताच. ब्रेकिंग जन्मलं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. १९७३ च्या ऑगस्टमध्ये डीजे कूल हर्कने तिथे एका इमारतीत पार्टी केली. गाण्यात मधेच फक्त ढोल-ताशासारखा ठेका उरतो ना, तो तुकडा म्हणजे 'ब्रेक'. तोच तुकडा तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवत न्यायचा आणि पोरं त्यावर जमिनीवर उतरायची. रोबोसारखे झटके आणि हातातून जाणारी लाट हे वेगळं, त्याला पॉपिंग म्हणतात, ते कॅलिफोर्नियातलं. पुढे चालल्यासारखं करत मागे सरकायचं, तो मूनवॉकही जॅक्सनचा शोध नाही. १९८३ ला टीव्हीवर त्याने केला आणि जगभर गेला, पण त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतले टॅप नाचणारे तो करत होते.

म्हणजे जॅक्सननेही कोणाचं तरी बघूनच केलं. 'नक्कल' शब्द जपून वापरा.

सप्रेम_विरोध

उचलणं आणि उचलून पुढे नेणं यात फरक आहे. लालबागने पुढे काय नेलं?

दुसरा_मजला

बँजो पार्टीवर मूनवॉक केला! ब्राँक्समध्ये केला असेल कोणी? ८८ च्या विसर्जनाला आमचा एक जण चिंचपोकळीच्या पुलापर्यंत उलटा गेला. मिरवणूक पुढे आणि हा पण पुढे, फक्त तोंड बाप्पाकडे. बाप्पाला पाठ दाखवायची नाही म्हणून म्हातारी माणसंसुद्धा खूश.

गिरणगाव_वाचक

एक गोष्ट कोणी बोलत नाही. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले आणि बरेचसे कधीच परत आत गेले नाहीत. ज्या घरात पगार बंद झाला त्याच घरातली ही पोरं. हा नाच म्हणजे त्या बेकारीचा हुंदका होता. पान त्या अंगाने लिहा, समिती नाही म्हणणार नाही.

दुसरा_मजला

माझे वडील संपात होते. दोन वर्षं आईच्या खानावळीच्या डब्यांवर घर चाललं. म्हणून हक्काने सांगतो, माझ्या मूनवॉकला संप चिकटवू नका. भूक होती ती वेगळी. मी नाचलो ते नाचावंसं वाटलं म्हणून. गरिबाच्या पोराने गंमत म्हणून काही केलं तर चालत नाही का तुम्हाला?

आजोबा_ऑनलाईन

वय वर्षे ८२. 'अलबेला' पिक्चर आला १९५१ ला, मी आठ वर्षांचा. त्यात नाचणारे भगवानदादा म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा, आपल्यातलाच. थिएटरात लोक पडद्यावर चिल्लर उधळत. घरी आल्यावर मी पॅसेजमध्ये ती स्टेप केली आणि वडिलांनी कान पिरगाळला, "हे काय थेर!" संगीतकार सी. रामचंद्रांनी त्या गाण्यांत बोंगो, सॅक्सोफोन घातले, तेव्हाही जुनी माणसं म्हणालीच की विलायती धांगडधिंगा. आज तीच माणसं असती तर त्याला वारसा म्हणाली असती.

तेव्हा समितीचं कारण फोल आहे. पण तुमचं पानही मला पटत नाही, त्याचं कारण वेगळं. भगवानदादांची स्टेप बघा. हात जरा वर, खांदे सैल, पाय जागच्या जागी. पोट सुटलेल्या माणसाला जमते, लुगडं नेसलेल्या आजीला जमते. आजही हळदीला कोणीतरी करतंच, आणि करणाऱ्याला नाव माहीत असतंच असं नाही. तुमचा ब्रेकडान्स आज कोण करतं? जो नाच गुडघ्यांबरोबर संपतो त्याची आठवण ठेवा, स्मरणिका कशाला?

दुसरा_मजला

आजोबा, गुडघ्यावर घाव घातलात. याला माझ्याकडे उत्तर नाही.

नाईट_शिफ्ट

कोण म्हणतं संपला? २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होता ब्रेकिंग! मुलींत जपानच्या आमीने सुवर्ण घेतलं.

सप्रेम_विरोध

आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत नाही. म्हणजे साभार परत करणारी तुमची समिती जगात एकटी नाही.

तिसरी_गॅलरी

इतका वेळ वाचत होते. पोरं, पोरं, पोरं. मुलीने सुवर्ण घेतलं हे जपानचं नाव निघालं तेव्हा आठवलं तुम्हाला.

हंड्याच्या गोष्टीवरून ओळखलं, अरे, तू आमच्याच चाळीतला. मी वरच्या मजल्यावरची. तुम्ही गच्चीवर जायच्या आधी, दुपारी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी तिथे दीड तास असायचे. ८७ ला स्पर्धेत नाव दिलं होतं. फलकावर लागलंही. संध्याकाळी बघते तर खडूने लिहिलेलं नाव पुसलेलं. विचारलं तर म्हणाले, "लावणी कर ना, छान दिसेल." म्हणजे ठुमका चालतो, रोबो चालत नाही. त्या रात्री मी गॅलरीतून तुमचा नाच बघितला, टाळ्याही वाजवल्या. तुझ्या दीड पानात याची एक ओळ आहे का?

दुसरा_मजला

नाही. फलक मीच लिहायचो. पुसलं मी नाही, पण पुसलेलं पाहिलं होतं.

तिसरी_गॅलरी

माहितीय मला. आणि एक, तुझा मूनवॉक चुकत होता. तू वजन सपाट पायावर टाकायचास, म्हणून सरकण्याऐवजी मागे चालल्यासारखा दिसायचास. वजन टाच उचललेल्या पायावर ठेवायचं आणि सपाट पाय मोकळा, तो मागे ओढायचा. पावडर लागतच नाही. नुसते मोजे पुरतात.

दुसरा_मजला

हे तेव्हा का नाही सांगितलंस?

तिसरी_गॅलरी

विचारलं कोणी?

सप्रेम_विरोध

पान नको या मतावर मी अजून ठाम आहे. पण हे पान असेल तर वाचीन.

दुसरा_मजला

माझं दीड पान मागे घेतो. अर्धं मी, एक तू. समितीशी मी भांडतो. मजकूर मंगळवारी छापखान्यात जातोय, रविवारपर्यंत देशील?

तिसरी_गॅलरी

एकात नाही बसायचं. दोन ठेव.