आई लहानपणी गेली म्हणून हिरोला सगळं माफ?

जळगावची वाचक: मोबाईलवर एक प्रेमकथा वाचत होते, चाळीस भाग रात्री जागून वाचले, हिरो तिचा फोन चेक करतो, मैत्रिणी तोडायला लावतो, ती चिडली की दोन दिवस अबोला आणि मग रडत माफी, आणि शेवटी काय तर त्याची आई लहानपणी गेली म्हणून तो असा. लग्न पण लावून दिलं! खूप संताप आला. तुम्हाला पण असं होतं का?

भुसावळ अपडाऊन: हो ताई. कॉलेजला रोज रेल्वेने जळगावला जायचे तेव्हा एकजण सहा महिने प्लॅटफॉर्मवर उभा राहायचा, मी डबा बदलला की तोही बदलायचा. कथेत ह्यालाच वेडं प्रेम म्हणतात, माझे तर हात गार पडायचे.

धुळेकर: पाठलाग २०१३ पासून गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८. दुःख दाखवा ना, पण ती पोरगी घाबरली तेपण लिहा.

जळगावची वाचक: हेच भाऊ! तिची भीती चाळीस भागात एकदाही नाही.